तोफेच्या बाजूनं पडका किल्ला कसा वाचायचा: आधी गाविलगड, मग समुद्र

अलिबागच्या किनाऱ्यावर, समोरच्या कुलाबा किल्ल्यात जायला, आम्ही ओहोटीची वाट बघत बसलो होतो. आठवीतल्या एका पोरानं माझा पदर ओढला आणि विचारलं, "मॅडम, दुश्मन तं समुद्रातून येणार. मंग दरवाजा गावाकडं काहून हाय?"

त्या पोरानं समुद्र पहिल्यांदा पाहिला होता, तोही तासाभरापूर्वी. तरी त्यानं अगदी नेमका प्रश्न विचारला. याचं कारण असं की आधीचे दोन महिने आम्ही आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या गाविलगड किल्ल्यावर हाच सराव केला होता. किल्ला बघायचा तर राजाराणीच्या गोष्टीपासून सुरुवात करायची नाही. तोफ कुठून आली, गोळा कुठं लागला, माणसं कुठून आत शिरली, हे आधी शोधायचं. मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवते. ज्यांना आपल्या शाळेची, मंडळाची किंवा घरची पोरं घेऊन किल्ल्यावर जायचं आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिते आहे. कोकणातला तोफांचा पडका किल्ला कळावा असं वाटत असेल तर त्याची तयारी इथं, सातपुड्याच्या कडेवर, फार चांगली होते.

पहिलं काम किल्ल्यात शिरण्याआधीच करायचं. दरवाज्यापासून दूर उभं राहायचं आणि पोरांना विचारायचं, "तुझ्याकडं दोन टनांची तोफ आहे. ती तू कुठून आणशील?" वीस क्विंटल म्हटलं की आमच्या पोरांना वजन लगेच कळतं, कापसाच्या गाडीवरून. मग ती खरंच डोंगराकडं बघू लागतात. गाविलगडाच्या दक्षिणेला वऱ्हाडाचं मैदान आहे. शत्रू तिकडून येणार हे उघड दिसतं, पण चढ इतका उभा आणि लांब की माणूस कसाबसा चढेल, तोफ नाही. पश्चिमेकडून वळसा घेऊन येणारी वाट अरुंद आहे आणि दूरपर्यंत तटाच्या माऱ्यात आहे. उरली उत्तर. तिथं पठाराची जमीन किल्ल्याच्या जमिनीशी जवळपास समपातळीत येते. पोरं हे पंधरा मिनिटांत स्वतः शोधून काढतात.

हे त्यांनी शोधलं की मग मी १८०३ सांगते, त्याआधी नाही. इंग्रजांचं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी युद्ध चालू होतं, आणि गाविलगड भोसल्यांचा होता. २३ सप्टेंबरला असईची लढाई, २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई, आणि मग इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडं वळला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. त्यानंही या पोरांसारखाच विचार केला. स्वतः दक्षिणेकडं थांबून त्यानं किल्ल्यातल्यांचं लक्ष तिकडं गुंतवलं, आणि कर्नल स्टीव्हन्सनला डोंगरातून वळसा घालून उत्तरेला पाठवलं. सुमारे तीस मैल. वाट नव्हतीच, ती सैन्यानं आधी खोदली आणि मग अवजड तोफा जवळपास सगळं अंतर माणसांनी हातानं ओढून नेल्या. १२ डिसेंबरच्या रात्री उत्तर तटासमोर मोर्चे उभे राहिले. त्यांत १८ पौंडी आणि १२ पौंडी लोखंडी तोफा होत्या. १३ ला सकाळी मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला चढून जाण्याजोगी खिंडारं पडली, १५ ला सकाळी दहा वाजता हल्ला झाला.

एवढा मोठा किल्ला दीड-दोन दिवसांच्या माऱ्यात कसा पडला, असं कुणीतरी विचारतंच. पडला तो बाहेरचा किल्ला. आतल्या किल्ल्यापुढं हल्लेखोर अडले होते, तिथं तोफ पोचलीच नव्हती. कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या पलटणीची एक तुकडी घेऊन दरीच्या बाजूनं शिड्या लावून चढला आणि त्यानं आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे लोक लढत मेले. पोरांना त्या दरीच्या काठाशी, सुरक्षित अंतरावर, दोन मिनिटं गप्प उभं करा. मी दरवर्षी करते. कुणाला काही सांगावं लागत नाही.

आता तट. पडकी भिंत दिसली की पोरं ओरडतात, "मॅडम, इथं गोळा लागला!" बहुतेक वेळा लागलेला नसतो. भिंत पडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखणं हाच या सगळ्या सरावाचा गाभा आहे, म्हणून इथं घाई करू नका.

पिंपळ किंवा वड भिंतीत शिरला असेल तर दगड फुगून बाहेर आलेले दिसतात, सांध्यात मूळ सापडतं, आणि पडझड झाडाच्या आकाराएवढीच असते. दगड चोरीला गेले असतील तर माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंतचे घडीव दगड गायब असतात आणि आतला चुनखडीचा भराव तसाच उभा असतो. जवळच्या जुन्या घरांचे जोते बघा, एखादा घडीव चिरा तिथं सापडतो. मुद्दाम पाडलेली भिंत वेगळी. १८५७ च्या उठावानंतर तात्या टोपेच्या हाती हा किल्ला लागू नये म्हणून १८५८ मध्ये इंग्रजांनी तो मोडून निकामी केला. त्यामुळं जिथं हल्ला झालाच नव्हता तिथली मोडतोड दिसली की १८०३ च्या खात्यावर मांडू नका.

आणि तोफेचं खिंडार? तोफवाला भिंतीच्या माथ्यावर मारा करत नाही. तो खालच्या भागात आडवी रेघ मारल्यासारखे गोळे टाकतो, मग दोन्ही टोकांना उभे. पाया कापला की वरचा भाग स्वतःच्या वजनानं बाहेर कोसळतो आणि दगडमातीचा उतार तयार होतो. त्या उतारावरून शिपाई चढतात. म्हणून भिंतीपेक्षा भिंतीच्या बाहेर पडलेल्या ढिगाकडं बघा. एकट्या गोळ्याची खूण वाटीसारखी खोलगट असते आणि तिच्यापासून भेगा चहूबाजूंना फाकतात. पण आपला काळा दगड उन्हापावसानं कांद्यासारखा पापुद्रे सोडतो आणि तेही वाटीसारखंच दिसतं. फरक असा: पापुद्र्याची वाटी गुळगुळीत असते आणि ती एकटी नसते, आजूबाजूच्या दगडांवर तशाच दहा असतात. खात्री नसेल तर वहीत प्रश्नचिन्ह टाकायचं. माझ्या वर्गात प्रश्नचिन्हाला पूर्ण गुण आहेत.

गावातली गढी विसरू नका. वऱ्हाडात पांढऱ्या मातीची पडकी गढी गावोगाव आहे. मातीत गोळा रुतून बसतो, दगडासारखी चीप उडत नाही. बाळापूरचा किल्लाही याच कामाचा. अचलपूरचा नवाब इस्माईल खान याच्या काळात १७५७ मध्ये तो पुरा झाला, मुख्यतः विटांचा, मन आणि महेश नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर. पावसाळ्यात पुराचं पाणी त्याला जवळपास वेढतं. समुद्र न पाहिलेल्या पोरांना जलदुर्गाची कल्पना द्यायला याहून जवळचं काही नाही.

तोफेकडं येते, कारण माझा जीव तिथं अडकतो. माझे बाबा गावात लोहारकाम करायचे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचे, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना धाव आवळते आणि चाक जन्मभरासाठी बांधलं जातं. जुन्या घडीव तोफा अगदी अशाच बनायच्या. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि त्यांवर तापलेली कडी एकामागे एक चढवायची. अशा तोफेवर हात फिरवला की कडी बोटांना लागतात. मी पहिल्यांदा अशी तोफ बघितली तेव्हा बाबांचा भाता आठवला आणि तिथंच बसून राहिले.

तोफ तपासताना हा क्रम ठेवा. आधी काठीनं गवत हलवून बघा. तोंडात हात घालायचा नाही, कधीच नाही. तिथं विंचू असतो, गांधीलमाश्यांचं पोळं असतं. मग लोहचुंबक लावा. गावोगाव प्रत्येक तोफ "पंचधातूची" असल्याचं सांगतात. चुंबक घट्ट चिकटला तर ती लोखंडाची आहे, वाद संपला. पितळी किंवा काशाच्या तोफेला तो चिकटत नाही. अशी तोफ किल्ल्यावर क्वचितच उरलेली दिसते, कारण तो धातू वितळवून पुन्हा वापरता येतो आणि महाग आहे. मग बघा, कडी आहेत की अंग सलग आहे. सलग असेल तर ओतीव. मागच्या टोकाजवळ वर एक बारीक भोक असतं, रंजक म्हणजे बार उडवायची बारीक दारू पेटवायचं. त्यात खिळा ठोकलेला असेल तर ती तोफ मुद्दाम निकामी केलेली आहे, आणि ही फार मोठी खबर आहे: कुणीतरी किल्ला सोडताना किंवा जिंकल्यावर ते केलं. दोन्ही बाजूंना आडवे जाड खुंट असतात, त्यांवर तोफ गाड्यात बसायची. एक खुंट तुटलेला असेल तर लिहून ठेवा.

ओतीव तोफेवर आकडे दिसले तर आनंद माना. इंग्रजी तोफेवर वजन बरेचदा तीन आकड्यांत कोरलेलं असतं, समजा ९-२-१४. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ चा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे १००८ अधिक ५६ अधिक १४, एकूण १०७८ पौंड, जवळपास ४९० किलो. सातवीची पोरं हे गणित तोफेवर बसून करतात. (बसू द्यायचं नाही, पण त्या दिवशी मला रागावता आलं नाही.)

गोळा सापडला तर तो उचलून घरी न्यायचा नाही. संरक्षित स्मारकासाठी १९५८ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी तो गोळा तिथलाच. दोन बाजूंना दोन पाट्या उभ्या धरा आणि मधलं अंतर मोजा, हा व्यास. सेंटिमीटरमधल्या व्यासाचा घन करा आणि ३.८ नं गुणा, लोखंडी गोळ्याचं वजन ग्रॅममध्ये येतं. १२.८ सेंटिमीटर व्यास आला तर वजन आठ किलोच्या आसपास, म्हणजे १८ पौंडी गोळा. याच जातीचे गोळे स्टीव्हन्सनच्या मोर्च्यावरून सुटले होते. दगडी गोळा असेल तर हा हिशेब लागू नाही, दगड लोखंडाच्या निम्म्याहूनही हलका.

नरनाळा किल्ल्याला जाणार असाल तर अकोट तालुक्यातल्या शहानूरला वनखात्याच्या फाटकावर नोंद करावी लागते, वेळ सांभाळा. तिथली नऊगजी तोफ बघाच, आणि १४८७ चा लेख असलेला दरवाजा. तो दरवाजा इतका देखणा आहे की तोफेचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवला तरी चालेल. गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावरचे सिंह, हत्ती आणि गंडभेरुंड (दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी) हेही पोरांना काढायला लावा.

डिसेंबर उत्तम. पण कापूस वेचणीत निम्मी पोरं शेतात असतात, म्हणून रविवार धरू नका, आईबापांना विचारून दिवस ठरवा. दरवाज्याच्या कमानीत आग्या मोहोळ आहे का ते आधी एकट्यानं जाऊन बघा. अत्तर नको, फटाका नको, धूर नको.

एवढा सराव झाला की समुद्र. तिथं सगळं उलटं होतं, आणि म्हणूनच त्या पोरानं विचारलेला प्रश्न मोलाचा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा मुख्य दरवाजा गावाकडं आहे. जंजिऱ्याचाही राजपुरीच्या किनाऱ्याकडं. समुद्राकडून येणाऱ्या लाटा आणि गलबतावरच्या तोफा, दोन्ही दरवाज्यावर थेट बसू नयेत म्हणून. शिवाय धान्य, माणसं, दारूगोळा सगळं किनाऱ्यावरूनच यायचं. तेव्हा जलदुर्गावर पहिला प्रश्न बदला: तोफ कुठून आणतील हे न विचारता गलबत कुठून येऊ शकेल ते विचारा. खडक कुठं आहेत, खाडीचं तोंड कुठं, खोल पाणी कुठं. बुरूज तिकडंच तोंड करून असतात. गलबतावरची तोफ लाटेबरोबर हलते, किल्ल्यावरची स्थिर असते, हा किल्ल्याचा मोठा फायदा. आणि समुद्राकडच्या काही तोफा मुद्दाम खालच्या अंगाला ठेवायच्या, गलबताला पाण्याच्या रेघेशी भोक पडावं म्हणून.

कुलाब्याचा तट नीट बघा. मोठमोठे दगड चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. लाट येते, फटींतून पाणी शिरतं, जोर मोडतो आणि पाणी परत जातं. आमच्या पोरांनी ते बांधावरच्या पौळीशी, म्हणजे नुसत्या दगडांच्या रचलेल्या भिंतीशी, लगेच जोडलं: पौळीला माती लिंपली की पहिल्याच पावसात पाणी तिला ढकलून देतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलेलं हे काम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले, कमोडोर मॅथ्यूजच्या आरमारासह, आणि काही हाती न लागता परतले.

तिथं चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. सगळे त्यांच्याजवळ फोटो काढतात आणि आंग्र्यांच्या तोफा म्हणतात. तुमची पोरं आधी अक्षरं वाचतील: डाऊसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड, १८४९. तोवर आंग्र्यांचं राज्य इंग्रजांच्या ताब्यात गेलेलं होतं. त्या तोफा १७२१ ला तिथं असणं शक्य नाही. कुणाचा अपमान न करता, आवाज खाली ठेवून हे पोरांनी एकमेकांना सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

कोर्लईलाही जा, कुंडलिकेच्या मुखाशी. तो पोर्तुगीजांचा, १५२१ पासूनचा, आणि १७४० मध्ये मराठ्यांकडं आला. लांबट डोंगराच्या कण्यावर आडव्या भिंती एकामागे एक आहेत: एक भाग गेला तरी पुढचा लढू शकावा. गाविलगडाच्या बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्याची हीच युक्ती. पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, ती ऐका.

कुलाब्याला जाताना ओहोटीचा हिशेब मात्र चुकवू नका. पहिल्या सहलीला मी तो विचारलाच नाही. अडतीस पोरं घेऊन आत गेले, पाणी चढलं, डबे किनाऱ्यावर आणि आम्ही संध्याकाळपर्यंत आत. किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं आहे म्हणून निभावलं. कोळी लोकांचा आडाखा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच. अष्टमीच्या आसपास पाणी पुरतं ओसरत नाही, ते दिवस टाळा. आणि आडाखा कितीही बसला तरी किनाऱ्यावर विचारूनच पाय घाला.

शेवटी कागद. हा भाग परत आल्यावर वर्गात करायचा. गाविलगड १५ डिसेंबरला पडला आणि १७ डिसेंबरला वऱ्हाडातल्या देवगावला नागपूरकर भोसल्यांशी तह झाला. पोरांना तहात काय गेलं ते नकाशावर शोधायला लावा. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, हे ती लगेच दाखवतात. मग कटक शोधायला सांगा, बालासोर शोधायला सांगा. बोट सरकत सरकत बंगालच्या उपसागराला लागतं. भोसल्यांना समुद्र होता! तो किनारा इथं, या डोंगराच्या पायथ्याशी, सहीनं गेला. पुढं ३० डिसेंबरला आमच्याच सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला, आणि त्यात नर्मदेच्या मुखाशी असलेलं भडोच बंदर गेलं. पंधरा दिवसांत, एका दिवसात बैलगाडीनं जाता येईल एवढ्या टापूत, पूर्वेला भोसल्यांचा किनारा आणि पश्चिमेला शिंद्यांचं बंदर, दोन्ही कागदावर गेले. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी पस्तिशीत वाचलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या वर्गातल्या नकाशावर पोरांनी अंजनगावला टाचणी लावली आहे. एक लाल दोरा भडोचला नेला आणि एक कटकला. कटकचा दोरा कमी पडला, तेव्हा अलिबागला प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरानं घरून तुरीच्या पोत्याची सुतळी आणून जोडली.